कुंकू लागलेला निळा

अप्पा,

गेल्या महिन्यात कंपनी विकली. दादाने सह्या केल्या, मी केल्या, आणि ऑफिसात तुमच्या फोटोखाली बसून खरेदीदाराच्या माणसांबरोबर आम्ही वडे खाल्ले. तुम्हाला हे कळवायची काही गरज नाही. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, आणि तुम्ही होतात तेव्हाही कंपनीबद्दल माझ्या तोंडून काही ऐकून घ्यायची तुमची तयारी नव्हती. पण माझी तीस वर्षं वर्तमानपत्रात दुसऱ्यांचा मजकूर तपासण्यात गेली. आमच्याकडे पान सुटायच्या आधी चूक सापडली तर ती निमूट दुरुस्त करतात, आणि पान सुटल्यावर सापडली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापतात. तुमची चूक पान सुटल्यावर सापडली आहे. खुलासा करायला तुम्ही नाही, म्हणून मी बसले आहे, आणि रागाने बसले आहे, हे आधीच सांगते.

तुम्ही साताऱ्याकडून बोईसरला केमिस्ट म्हणून आलात, काही वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात काढलीत आणि मग तारापूर एमआयडीसीत स्वतःचा गाळा घेतलात. माल एकच, निळी पूड. छापायच्या शाईत, प्लास्टिकच्या बादल्यांत, रंगाच्या डब्यांत जाणारी. ती घरी तुमच्याबरोबर यायची. आई तुमचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची, स्टीलच्या पेल्यांवर तुमच्या बोटांचे ठसे असायचे, आणि दहीभात कालवलात की भाताच्या कडेला निळसर रेघ उमटायची. आई ती रेघ चमच्याने काढून टाकायची आणि तुम्ही म्हणायचात, "राहू दे, लक्ष्मी आहे." निळी लक्ष्मी आमच्याच घरात होती.

आणि ती खोली. उत्तरेकडे खिडकी असलेली, पितळी कुलपाची शेडरूम. प्रत्येक घाण्यातली, म्हणजे एका खेपेच्या मालातली, चिमूटभर पूड तेलात घोटायची, पांढऱ्या कागदावर पट्टीने ओढायची, भिंतीवरच्या चौकटीतल्या मूळ नमुन्याशेजारी धरायची. त्या नमुन्याला सगळे मास्टर म्हणत. रंग जुळला की 'शेड पास' लिहून सही, मग माल बाहेर. सही फक्त घरच्याची. खोलीत खुर्ची एकच, तीही घरच्याची. बाकी जो कोणी आत येईल त्याने उभं राहायचं. "रंग शिकून येत नाही, तो घराण्यात असतो," हे तुम्ही गिऱ्हाइकांना इतक्या वेळा सांगितलंत की शेवटी ते कंपनीच्या माहितीपत्रकावर छापून आलं. घराणं म्हणजे तुम्ही आणि तुमच्यानंतर दादा.

मी बारा वर्षांची आहे, मे महिन्याची सुट्टी आहे, आणि हट्ट करून तुमच्याबरोबर कारखान्यात आले आहे. तुमची मर्जी चांगली आहे. तुम्ही शेडरूमच्या काचेच्या टेबलावर पाच कागद मांडता. पाचही निळे, प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने क्रमाचा आकडा. "गडदापासून फिक्यापर्यंत लाव बघू," तुम्ही म्हणता. दादाने आदल्याच आठवड्यात तीन चुकवलेले असतात. मी पाचही बरोबर लावते. हेडक्लार्क काका दारातून टाळ्या वाजवतात. तुम्ही खिशातलं तुमचं शाईचं पेन काढून माझ्या हातात देता आणि काकांना म्हणता, "पोरगी हुशार आहे हो. पण ही खोली मुलीची नाही. उद्या परक्या घरी जाईल, जाताना आमचा निळा घेऊन जाईल." दोघं हसता. पाच वर्षांनी खोलीची किल्ली (सही अजून तुमचीच) दादाला मिळते, तीन चुकवणाऱ्या दादाला. मी त्या पेनाने निबंध लिहिले, अर्ज लिहिले, पहिल्या नोकरीचं राजीनामापत्रही लिहिलं. पण ते हसणं माझ्या कानातून गेलं नाही. मी पास झाले होते, अप्पा. आयुष्यभर मी स्वतःला हेच सांगत आले.

आता विक्रीकडे येते. दादाचे गुडघे गेलेत. त्याचा मुलगा वसईला दातांचा डॉक्टर आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, "आत्या, मी दातांची शेड जुळवतो, तेवढी बस आहे." तेव्हा विकायचं ठरलं. आईच्या नावाचे शेअर तिच्यामागे माझ्याकडे आले होते, तुम्ही दिलेले नव्हेत, म्हणून माझी सही लागणार होती. दादाने फोन करून सांगितलं, "ये आणि गप्प बस." मी गेले आणि पहिले दोन दिवस खरंच गप्प बसले.

खरेदीदाराकडून एक मॅडम आल्या होत्या. नाशिककडच्या, पस्तिशीच्या आत, बोलायला मऊ. कंपनीची किंमत ठरवणं हेच त्यांचं काम. त्यांनी दादाला विचारलं, "केळव्याला कंपनीच्या नावावर बंगला दिसतोय. तिथे काय चालतं?"

"गेस्टहाऊस."

"गेस्ट कोण असतात?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. लहानपणी तिथल्या सुपारीच्या वाडीत आम्हीच लपाछपी खेळलो, त्याआधी आत्याची पोरं खेळली आणि अजून वहिनीच्या माहेरचे दर मेमध्ये येतात. आत्याचा ड्रायव्हर कारखान्याच्या पगारावर होता. मागचा मोकळा प्लॉट काकाच्या मेव्हण्याला पत्रे ठेवायला दिलेला होता, नुसत्या तोंडी. मॅडम एकेक लिहून घेत होत्या आणि कुठेही भुवई उंचावत नव्हत्या. "घरच्या कंपनीत असतंच हे," त्या म्हणाल्या. "हे सगळं बाजूला काढता येतं. मला भीती वेगळ्या गोष्टीची आहे. शेड कोण पास करतं?"

दादा ताठ झाला. याच प्रश्नाची तो वाट बघत होता. "आम्ही. घरचे. आधी वडील, आता मी. बाहेरच्या माणसाचा हात आजवर लागलेला नाही."

"आणि तुम्ही गेल्यावर?"

"म्हणून तर आमच्या मालाला किंमत आहे, मॅडम."

"नाही सर. म्हणूनच ती कमी आहे." एवढं त्या इतक्या सहज बोलल्या की दादाला कळायला वेळ लागला. मग त्यांनी समजावून सांगितलं, एखाद्या शिक्षिकेसारखं. यंत्रं विकत घेता येतात, जागेचा करार घेता येतो, गिऱ्हाईकसुद्धा बऱ्यापैकी घेता येतं. जी गोष्ट संध्याकाळी मालकाबरोबर घरी जाते ती घेता येत नाही. कामगार वीस-वीस वर्षं टिकलेत, पडत्या काळात तुमच्या वडिलांनी एकालाही काढलं नाही, गिऱ्हाइकांचा शब्दावर विश्वास आहे, हे घरच्या मालकीचं चांगलं, ते मी जमेत धरलंय. पण निळाच जर घराण्याचा असेल तर घराणं गेल्यावर मी विकत काय घेतलं? म्हणून किमतीचा तिसरा हिस्सा मागे ठेवणार, आणि तो मिळेपर्यंत दादाने तीन वर्षं रोज येऊन शेड पास करायची, शिवाय त्यांच्या दोन माणसांना शिकवायचं.

दादाचा चेहरा उतरला. मला वाटलं तीन वर्षांमुळे. गुडघ्यांमुळे. ते तसं नव्हतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

तुम्हाला ते रंग मोजायचं यंत्र आठवत असेल. गिऱ्हाइकांच्या आग्रहाखातर घेतलंत आणि कधी चालू केलं नाहीत. मखमली कव्हर घालून कोपऱ्यात ठेवलंत. दर दसऱ्याला त्याला हार, मास्टरच्या चौकटीला हार, तराजूला हार. मॅडमबरोबर आलेल्या तंत्रज्ञाने त्या जुन्या यंत्राकडे बघून हात जोडले, गंमत म्हणून, आणि स्वतःच्या पेटीतलं हातात मावणारं यंत्र काढलं. कारखान्यात प्रत्येक घाण्याची एक बाटली जपून ठेवतात. त्याने इतक्या वर्षांतल्या हव्या त्या बाटल्या उचलल्या, कागदावर ओढल्या आणि मास्टरशी ताडून पाहिल्या. दुपारी तो मॅडमना म्हणाला, "एकही जुळत नाही."

दादा ओरडला, "शक्य नाही. गिऱ्हाइकाची तक्रार दाखवा एक."

"तक्रार नाहीच," तो म्हणाला. "तीच गंमत आहे. सगळ्या बाटल्या एकमेकींशी जुळतात. गिऱ्हाइकाकडच्या नमुन्याशी जुळतात. फक्त तुमच्या मास्टरशी जुळत नाहीत. मास्टर जांभळ्याकडे झुकलाय. मास्टर चुकीचा आहे, आणि इथे कोणीतरी इतकी वर्षं त्याच्याकडे न बघता बरोबर निळा काढतंय. कोण?"

दादाने मास्टरच्या चौकटीकडे पाहिलं. घाणा चालवणारा ऑपरेटर, गोरखपूरकडचा, बाटल्या परत ठेवायला दारात उभा होता. त्याला वाटलं प्रश्न त्यालाच आहे. "मैडम, नीला तो बाई देखती है," तो म्हणाला. "शेठजी साइन करते हैं. सबको मालूम है."

बाई मागच्या मोरीवर बाटल्या धूत होती. अप्पा, तुम्ही तिला नुसतं "ए बाई" म्हणायचात, दादा "बाई" म्हणतो, मीही इथे तेच लिहिते आहे, त्याची मला लाज वाटते. मनोरच्या आतल्या पाड्यावरून येते, शेअर रिक्षा बदलत. पावसाळ्यात घरची भातलावणी करून चार दिवस उशिराने येते आणि तेवढे चार दिवस कारखान्यातून एक घाणाही बाहेर पडत नाही. हे मॅडमना हजेरी आणि मालाच्या तारखा शेजारी ठेवल्यावर दिसलं. आपल्याला एवढ्या वर्षांत दिसलं नव्हतं. किंवा दिसलं होतं. हजेरीवर ती लेबर कॉन्ट्रॅक्टरची हेल्पर आहे. कंपनीच्या मस्टरवर तिचं नाव कधीच नव्हतं.

मी मोरीच्या कट्ट्यावर बसले. तिने आधी मला उठवून कट्टा पुसला, मग बसू दिलं. "तुमी पेपरात लिवता ना, ताय? माजं नाव नका टाकू." मी म्हटलं टाकणार नाही. मग तिने सांगितलं.

तुम्ही जायच्या चार-पाच वर्षं आधी दसऱ्याची पूजा झाली. तुम्ही नेहमीप्रमाणे मास्टरच्या चौकटीवर पाण्यात कालवलेल्या कुंकवाची बोटं ओढलीत. त्या वर्षी चौकटीची काच तडकलेली होती. कुंकू आत झिरपलं आणि मास्टरच्या अर्ध्या भागावर उतरलं. दुसरा कोणी असता तर गिऱ्हाइकाला फोन करून म्हणाला असता, आमचा नमुना खराब झालाय, तुमच्याकडचा पाठवा. तुमचा घराण्याचा निळा पूजेत बाटला, हे तुम्ही कसं सांगणार? तुम्ही दार लावून घेतलंत आणि नवा मास्टर आठवणीतून बनवलात. "मूळ निळा माझ्या डोळ्यांत आहे," म्हणालात. ती तिथेच बाटल्या पुसत उभी होती.

"मी बोलली, सायेब, यो जांबळा मारतो," बाई म्हणाली. "तं बोलले, तुजं काम बाटल्या दुवायचं. दू."

"मग?"

"मंग मी दुवल्या. जुना कागद त्यांनी कचऱ्यात टाकलेला. कुकू लागलं तेवडं मी कापून टाकलं, चांगलं राह्यलं ते ठेवलं. काल्या कागदात गुंडालून, उजेड नको लागाया म्हनून." दोन बोटं रुंद तुकडा. तो ती मोरीवरच्या फळीवर, साबणाच्या डब्यामागे ठेवते. आपल्या कंपनीचा खरा मास्टर, अप्पा, साबणाच्या डब्यामागे.

पुढचं मी लिहू की तुम्हीच सांगता? नव्या मास्टरला जुळवलेला माल गिऱ्हाइकाने परत केला. तीन ड्रम. तुम्ही ते ड्रम मागच्या बाजूला ठेवलेत आणि ऑफिसात म्हणालात की वाहतुकीत ओलावा लागला. मग बाईला शेडरूममध्ये बोलावून दार लावलंत. "बोलले, तुज्याकडं त्यो तुकडा हाय का? मी बोलली, हाय. बोलले, त्यालाच लाव. पन कोनाला बोलू नको." त्या दिवसापासून ती खिडकीशी उभी राहून पाहायची, तुम्ही खुर्चीत बसून सही करायचात. 'मास्टरशी जुळवून पास.' तुमच्यानंतर दादाने तेच केलं. म्हणून तो घाबरला होता. त्याला तीन वर्षं दोन माणसांना शिकवायचं होतं आणि शिकवण्यासारखं त्याच्याकडे काहीच नव्हतं.

"तुम्ही इतकी वर्षं कोणालाच का सांगितलं नाहीत?" मी तिला विचारलं.

"कोनाला सांगायचं? सगल्यांना म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "तुमालाच नवतं."

तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, हे आम्हाला फार उशिरा, हॉस्पिटलात कळलं. पण मोरीवर बसल्याबसल्या मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. तुम्ही ताटावरून उठलेले आहात, शर्ट आईच्या अंगावर फेकलेला आहे. "कपडे पिवळे पडलेत. तीस वर्षांत तुला साधे कपडे धुता आले नाहीत." आई शर्ट उचलते. दुसऱ्या दिवशी नीळ जास्त घालते. तुम्हाला अजून पिवळाच दिसतो. ती अजून घालते. शेवटी तुमचे शर्ट इतके निळे झाले की शेजारच्या काकू दोरीवरचे कपडे बघून म्हणाल्या, "साहेबांनी कारखाना घरी आणला का?" आणि तुम्ही त्याच शर्टाला म्हणालात, "आता कसा पांढरा झाला." तुमच्या डोळ्यांवर पिवळा पडदा चढला होता आणि त्याची भरपाई आईने नीळ ओतून केली. मास्टरच्या बाबतीत ती तुम्ही स्वतः केलीत. आईकडे निदान दुसरा इलाज नव्हता. ती गेली तेव्हाही आपल्याला कपडे धुता येत नाहीत असंच समजून गेली असेल.

याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. तुम्हाला दिसत नव्हतं, याचा नाही. दिसत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, कारण तुम्ही बाईला बोलावलंत. ठाऊक असूनही तुम्ही चुकीचा मास्टर भिंतीवर ठेवलात, त्याला पुढच्या दसऱ्याला पुन्हा हार घातलात आणि बरोबर निळा एका बाईच्या मुठीत ठेवून तिला हेल्पर म्हणून कॉन्ट्रॅक्टरच्या यादीत टाकून दिलंत. मला सांगितलंत, ही खोली मुलीची नाही. पुढे तीच खोली एक बाई चालवत होती, उभ्याने. आणि तुम्ही जो डोळा घराण्याचा म्हणून मिरवलात त्याच्यामुळेच कंपनीची किंमत उतरली. तुम्ही घरचं नाव लावून कंपनी मोठी केलीत, असं सगळे म्हणतात. विकायला काढल्यावर तेच नाव तिच्या गळ्यात अडकलं.

आणि विक्रीत काय ठरलं होतं? नवे मालक आले की कॉन्ट्रॅक्टरची सगळी माणसं जाणार. त्या यादीत बाई होती. दादाने यादी वाचली होती. मी त्याला शेडरूममध्ये गाठलं. तो खुर्चीत होता, मी उभी.

"खरेदीदाराला द्यायच्या आपल्या निवेदनात लिही," मी म्हटलं. "शेड कोण बघतं ते."

"तुला पेपरात छापायची खोड लागलीय. अप्पांच्या सहीवर लोकांनी माल घेतला. आता सांगू, सही खोटी होती?"

"माल खरा होता ना?"

"आणि मी? सोळा वर्षं मी काय केलं? नुसत्या सह्या?"

मला गप्प बसता आलं असतं. मोठा भाऊ आहे, गुडघे दुखतात, माझ्याशी कधी वाईट वागला नाही. "हो दादा," मी म्हटलं. "नुसत्या सह्या."

तो खिडकीकडे वळला. मग म्हणाला, "पहिल्या वर्षी मी तिला विचारलं होतं, मला शिकव. ती म्हणाली, शेठ, तुमाला दिसंल तवा सांगते. अजून सांगितलं नाही तिने." तो हसला, पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्याची कीव आली. तुमची आली नाही. तीन चुकवणाऱ्या मुलाच्या हातात किल्ली देऊन तुम्ही त्याला जन्मभर त्या खुर्चीत बसवलंत.

त्याने लिहायला नकार दिला, पण अडवलंही नाही. निवेदन मी लिहिलं. शेड कोण पाहतं, कशाशी जुळवून पाहतं, सही कोण करतं आणि भिंतीवरचा मास्टर कसा चुकला. अर्धं पान झालं. त्यात एकही विशेषण नाही, वाटल्यास तपासून बघा. मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत? हिला तर नोकरीवर ठेवता येतं." मग हिशेब उलटा फिरला. घराण्याबरोबर घरी जाणारा निळा आता त्यांच्या दृष्टीने कारखान्यातच राहणारा होता. अडवून ठेवायचा हिस्सा निघाला, दादाची तीन वर्षंही निघाली. जी गोष्ट लपवून तुम्ही कंपनीची इभ्रत राखलीत, ती उघड केल्यावर तिची किंमत वाढली.

बाईला त्यांनी ऑफिसात बोलावलं. ती दारातच थांबली. मॅडम म्हणाल्या, पगार वाढवू, दोन मुलं हाताखाली शिकायला देऊ. ती म्हणाली, "मस्टरवर नाव?" लिहू म्हणाल्या. "कंपनीच्या. कॉन्ट्रॅक्टरच्या नाय." कंपनीच्या. तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "आनी लावनीला मी जानार." तेही कबूल झालं. जाता जाता तिने शेडरूमच्या खुर्चीकडे बोट केलं. "ती काडा तिथून. बसून उजेड सरका येत नाय." मला वाटलं होतं ती खुर्ची मागेल.

इथे हे पत्र संपायला हवं होतं. मजकूर तयार आहे, चूक सांगून झाली, कोणाची ते सांगून झालं. पण सह्या झाल्या त्या दिवशी, सगळे वड्यांकडे गेल्यावर, मी बाईच्या मागे शेडरूममध्ये गेले आणि म्हटलं, मलाही बघू द्या तो जांभळा. मला आत जायचंच होतं. बावन्न वर्षांची झाले तरी जायचंच होतं. तिने खिडकीशी दोन कागद धरले. "बगा. कुटला जांबळा मारतो?"

मी निरखून पाहिलं. मान तिरकी केली, तुम्ही करायचात तशी. "डावीकडचा," मी म्हटलं. "किंचित."

तिने दोन्ही कागद शेजारी जुळवले. कडा एकमेकींत बसल्या. एकच कागद होता, मधून फाडलेला. ती इतकी हसली की तिला खिडकीचा गज धरावा लागला. "तुमी सायबांचीच पोरगी," ती म्हणाली.

तेव्हा हेही लिहून टाकते, कारण हे पत्र जाणार कुठेच नाही. त्या मे महिन्यात तुम्ही पाच कागद मांडलेत तेव्हा मी खाली पडलेली केसांची रिबीन उचलायला वाकले होते. टेबलाची काच आरपार होती. खालून पाचही आकडे दिसत होते. मी ते वाचले आणि वर येऊन कागद लावले. रंगात मला काहीच फरक दिसला नव्हता.